बेदाण्याच्या गोडीचं बिनअंड्याचं वॉफल

बिनअंड्याचं वॉफल मऊ पडलं, साच्याला चिकटलं, मधून फाटलं की सगळे अंडं नसण्याला बोल लावतात. साखरेऐवजी फळ घातलेलं असेल तर बहुतेक वेळा दोष त्या फळातल्या पाण्याचा असतो. केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी, आमरसात त्याहून जास्त, स्ट्रॉबेरीत तर शंभरातले नव्वद भाग पाणीच. एवढं पाणी पाच-सहा मिनिटांत वाफ होऊन साच्याबाहेर पडायला हवं, तेव्हा कुठे कड कुरकुरीत होते. ते पडत नाही. मग आत शिरा आणि बाहेर ओलसर साल असं काहीतरी हाती येतं.

म्हणून गोडीसाठी ओलं फळ घेऊच नका, वाळलेलं घ्या. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जायला नको. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, इकडे रस्त्याने जाताना शेतात बेदाण्याची शेड दिसते, जाळीचे मजल्यावर मजले आणि त्यावर पसरलेली द्राक्षं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे वॉफलच्या साच्यात जे पाणी आपल्याला नको, ते शेडमधल्या वाऱ्याने आधीच नेलेलं असतं. उरलेल्या बेदाण्यात पाणी शेकडा पंधराच्या आसपास आणि साखर शेकडा साठाच्या आसपास. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण तो अजूनही खिरीत चार दाणे टाकण्यापुरताच वापरतो याचं वाईट वाटतं. पीठ गोड करायला इतकी सोयीची दुसरी वस्तू मला माहीत नाही.

कोणता बेदाणा घ्यायचा? लांब, हिरवा, एकसारखा दाणा महाग असतो आणि तो दिसण्यासाठी असतो. इथे तो वाटलाच जाणार आहे. बारीक, पिवळसर किंवा तपकिरी झालेला बेदाणा घ्या. तो स्वस्तही पडतो आणि हिरव्याइतका आंबट नसतो. काळा मात्र टाळा. काळ्या द्राक्षाच्या सालीतला रंग सोड्याशी गाठ पडली की राखाडी-निळसर होतो आणि वॉफल शिळं दिसायला लागतं. काळ्या मनुकांत बिया असल्या तर वाटणात त्यांचा कडवटपणा उतरतो, ते वेगळंच.

पिवळ्या बेदाण्याला रंगासाठी बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते, आणि द्राक्षं वाळत घालण्यापूर्वी डिपिंग ऑइलच्या, म्हणजे ती लवकर वाळावीत म्हणून वापरायच्या तेलाच्या, द्रावणात बुडवलेली असतात. म्हणून कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, ते पाणी फेकून द्या. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर धुरी न दिलेलाच बेदाणा मागून घ्या, कारण गंधकाच्या अंशाने काहींना धाप लागते.

आता मापं. यात मध्यम आकाराची सहा वॉफलं होतात. कणीक १२० ग्रॅम, तांदळाची पिठी ३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, बेदाणा ८० ग्रॅम, तो भिजवायला पाणी १०० मिली, दही १०० ग्रॅम, दूध ५० मिली, जवसाची पूड १ टेबलस्पून आणि तिच्यासाठी पाणी ३ टेबलस्पून, साजूक तूप ४० ग्रॅम म्हणजे ३ टेबलस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून, वेलदोडा किंवा जायफळ आवडीप्रमाणे. वाटीने मोजू नका. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि कणीक दाबून भरली की वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. साधा किचनचा वजनकाटा पुरतो.

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा मक्याचा स्टार्च, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे. ही गल्लत झाली की वॉफल रवाळ होऊन मोडतं. स्टार्च आणि तांदळाची पिठी यांत चिवटपणा आणणारं ग्लुटेन नसतं. बिनअंड्याच्या वॉफलचा कुरकुरीतपणा मुख्यतः या दोघांच्या जिवावर असतो. नुसत्या कणकेचं केलंत तर ते गरम असताना बरं लागतं आणि दहा मिनिटांत जाड पोळीसारखं चिवट होतं.

कृष्णाकाठची खपली, म्हणजे खपली गहू, घरात असेल तर कणकेपैकी ६० ग्रॅम खपलीचं पीठ घ्या. खिरीला जी खमंग चव येते ती इथेही उतरते. खपलीचं ग्लुटेन कमजोर असल्याने वॉफल खुसखुशीत होतं. पण सगळीच खपली घालू नका. अंडं नाही, त्यात ग्लुटेनही कमजोर, मग साचा उघडताना धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

अंडं वॉफलमध्ये नक्की काय करतं हे एकदा नीट पाहिलं की त्याच्या जागी काय घालायचं ते आपोआप कळतं. ते पीठ बांधून ठेवतं, हवा धरतं, तूप आणि पाणी एकत्र ठेवतं आणि रंग आणतं. रंगाची चिंता नको, तो बेदाणा भरपूर देतो. हवेचं काम दही आणि सोडा करतात. बांधून ठेवायचं काम जवसाकडे द्यायचं. जवसाची बारीक पूड पाण्यात दहा मिनिटं ठेवली की दाण्याच्या सालीतला चिकट पदार्थ सुटून अंड्याच्या पांढऱ्यासारखा ओघळणारा बलक तयार होतो. चमच्याने उचलल्यावर तार धरायला हवी. पूड जाडसर राहिली तर तार येत नाही, म्हणून चटणीला कुटतो तशी भरड नको, मिक्सरला पीठ करा आणि चाळून घ्या.

वाटणावर मात्र वेळ घालवा. धुतलेल्या बेदाण्याच्या काड्या काढून टाका, त्यावर १०० मिली उकळतं पाणी ओता, झाकून अर्धा तास ठेवा. दाणे टपोरे फुगतात आणि पाणी फिकट सोनेरी होतं. त्या पाण्यात साखर उतरलेली असते, ते ओतून दिलंत तर गोडीच गेली. पाण्यासकट चटणीच्या छोट्या भांड्यात वाटा, मध्ये दोनदा थांबून कडांचं खाली ओढा. पुरेसं झालं का हे बोटांनी कळतं. थोडं वाटण अंगठा आणि तर्जनीत चोळा. सालीचा बारीक पापुद्रा हाताला लागला तर अजून फिरवा. तो पापुद्रा तापलेल्या साच्यावर टेकतो, तिथेच जळतो, काळा ठिपका होतो आणि त्या ठिपक्यापाशी वॉफल चिकटून बसतं. चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी इथे सुरू होतात, साच्याचा त्यात काही दोष नसतो.

कणीक, पिठी, कॉर्नफ्लोअर, मीठ एकत्र चाळून घ्या. वर राहिलेला कोंडा परत मिसळा. दुसऱ्या भांड्यात वाटण, दही, जवसाचा बलक आणि पातळ केलेलं पण गार झालेलं तूप फेटा. दही फ्रीजमधून थेट काढलेलं नको. गार दह्यात तूप पडलं की त्याचे कण थिजतात, मग एक वॉफल तुपकट आणि दुसरं कोरडं होतं. दोन्ही एकत्र करा आणि उलथन्याने बारा-पंधरा वेळा खालून वर घ्या, तेवढं पुरे. पिठाच्या चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. भज्यांचं पीठ फेसतो तसं हे फेसलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि वॉफल रबरासारखं होतं.

मग झाकून २० मिनिटं ठेवा. या वेळात कोंडा पाणी पितो आणि पीठ आळतं. दूध या टप्प्यावर घालायचं, आधी नाही, कारण प्रत्येक गिरणीची कणीक सारखं पाणी पीत नाही. इडलीच्या पिठाइतकं सरसरीत हवं, डावातून सोडलं तर जाड धार पडून क्षणभर वर दिसली पाहिजे आणि मग मिसळली पाहिजे. ५० मिली दूध लागेलच असं नाही. दोन चमच्यांतच पीठ सरसरीत झालं तर तिथेच थांबा.

बेकिंग पावडर आणि सोडा अगदी शेवटी, साचा तापल्यावर. बारीक चाळणीतून वरून भुरभुरा आणि चार वेळा हलवा. सोड्याची गुठळी राहिली की तिथे तपकिरी डाग पडतो आणि त्या घासाला साबणासारखी चव येते. पाव टीस्पून म्हणजे सपाट पाव. १०० ग्रॅम दही आणि बेदाण्याचा आंबटपणा मिळून तेवढ्याच सोड्याला पुरतात. जास्त फुलावं म्हणून सोडा वाढवला तर वॉफल काळपट होतं, फुगून वर येतं आणि परत बसतं. सोडा घातलेलं पीठ पंधरा मिनिटांत संपवा. माणसं एकामागून एक जेवायला बसणार असतील तर पिठाचे दोन भाग करा आणि प्रत्येकात आयत्या वेळी सोडा-पावडर घाला.

इथे एक सांगायलाच हवं. अंड्यासारखा पिवळा रंग यावा म्हणून चिमूटभर हळद घालायचा मोह सांगलीत होणारच, घराघरांत इतकी चांगली हळद असते. पण हळद आणि सोडा एकत्र आले की लाल होतात. पिठात विटकरी रेघा उमटतात आणि भाजल्यावर त्या आणखी गडद दिसतात. हळदीला इथे जागा नाही.

साचा, म्हणजे विजेवरचा वॉफल मेकर, तापवताना दिवा हिरवा झाला की लगेच पीठ ओतू नका, आणखी दोन मिनिटं थांबा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत नाचत उडाला पाहिजे. नुसता चर्र करून पसरला तर साचा अजून तापायचा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज उतरतं, तेव्हा ही घाई फार नडते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर साच्याला मिळणारी उष्णता साधारण तीन चतुर्थांशावर येते. दिवा हिरवा होतो, पण गार पीठ पडल्यावर साचा पुन्हा तापायला वेळ घेतो आणि तेवढ्यात पीठ वाफेत शिजून चिकटतं. अशा वेळी दोन वॉफलांच्या मध्ये झाकण बंद ठेवून दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि पीठ थोडं कमी ओता.

साच्याला तूप किंवा रिफाइंड तेलाचा पुसट हात द्या, ब्रशने, खाचांमध्येसुद्धा. लोणी नको, त्यात पाणी असतं आणि दुधाचे कण जळून काळे होतात. घाण्याचं शेंगतेल चवीला उत्तम, पण एवढ्या तापीला लवकर धुरावतं, ते पिठात घाला. डब्यातून फवारायचं तेल नॉनस्टिकवर वापरू नका. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर बसतो, तो निघत नाही, आणि महिन्याभरात नवा साचाही चिकटायला लागतो.

उष्णता मध्यम ठेवा, पाच आकडे असतील तर तिनावर. हे महत्त्वाचं आहे. बेदाण्यातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, आणि ती आपल्या रोजच्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होते. आच मोठी ठेवली तर दोन मिनिटांत झकास रंग येतो, तुम्ही काढता, आणि आत कच्चं पीठ निघतं. रंगावरून ठरवायचंच नाही, वाफेवरून ठरवायचं. डावभर, म्हणजे ९० ते १०० ग्रॅम पीठ मध्यावर ओता, कडेपासून बोटभर जागा सोडा, झाकण लावा आणि पहिली चार मिनिटं हात लावू नका. आधी कडेने जोराची वाफ निघते, मग ती बारीक होते, मग जवळजवळ थांबते. साधारण साडेपाच-सहा मिनिटं लागतात. अंड्याच्या वॉफलपेक्षा हा वेळ जास्त आहे, कारण इथे अंड्याची प्रथिनं नाहीत, पीठ घट्ट धरायचं काम स्टार्चलाच करायचं असतं आणि जास्तीचं पाणी जाईपर्यंत ते पुरतं घट्ट होत नाही. झाकण उचलताना जरा जरी ओढ जाणवली तर सोडून द्या, आणखी मिनिटभर ठेवा. ओढून उघडलं की वॉफलचे दोन पापुद्रे होतात, एक वर चिकटलेला, एक खाली. तसं झालंच तर खरवडू नका. झाकण बंद करून दोन मिनिटं भाजा, कोरडं झालं की लाकडी काडीने सुटं करा.

काढलेलं वॉफल ताटलीत ठेवू नका, जाळीवर ठेवा, एकावर एक तर अजिबात नाही. गरम असताना ते मऊच लागतं आणि पुष्कळजण इथे घाबरून परत साच्यात घालतात. दोन मिनिटांत वाफ निघून गेली की कड कडक होते. ताटलीत ठेवलं तर खालची वाफ कोंडते आणि घामेजतं. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात ही वॉफलं साखरेच्या वॉफलांपेक्षा लवकर सादळतात. त्या दिवसांत बेदाणा ८० ऐवजी ६० ग्रॅम घ्या, भिजवायचं पाणी ७५ मिली करा, आणि उरलेली गोडी वरून द्या.

केळं घालायचंच असेल तर ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको, सालीवर काळे ठिपके आलेलं, आणि दुधातून ४० मिली कमी करा. बेदाणा मग ६० ग्रॅम. खजूर बेदाण्याच्या जागी तेवढ्याच वजनाने चालतो, फक्त रंग गडद येतो आणि आच आणखी थोडी कमी लागते. चिकू पूर्ण पिकलेला नसेल तर तुरट लागतो. अननस किंवा पपई कच्ची वाटून दही-दुधात घालू नका, त्यांतल्या विकरांनी दूध कडू होतं.

वॉफल मेकर नसेल तर गॅसवरचा दुपाखी साचा चालतो, मध्यम आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. तोही नसेल तर हेच पीठ आप्पेपात्रात घाला. वॉफल होणार नाही, पण गोड आप्पे छान होतात.

साखर न घातलेलं म्हणजे साखर नसलेलं, असं कुणी समजू नये. एका वॉफलमध्ये बेदाण्याची सुमारे आठ ग्रॅम साखर जातेच. मधुमेह असलेल्यांना खाऊ घालताना ती मोजा.

उरलेली वॉफलं पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवा. खाताना वितळू न देता थेट मंद साच्यात किंवा तव्यावर तीन-चार मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ती लिबलिबीत होतात.

वरून काय? डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मिळते. ती पिठात नको, पण वर हवीच. २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून ४० ग्रॅम बेदाण्याच्या वाटणाबरोबर आठ-दहा मिनिटं शिजवा, चमच्याला लपेटली की बंद करा. गार करूनच वॉफलवर घाला, गरम घातली की खाचा मऊ पडतात.

आणि द्राक्षांच्या हंगामात एकदा तरी द्राक्षाचा पाक करा, जानेवारी ते एप्रिल. पूर्ण पिकलेली, अंबरी छटा आलेली एक किलो द्राक्षं घ्या. तासगाव तालुक्यातलंच तास-ए-गणेश मिळालं तर फारच छान. बिया नसलेलं कुठलंही गोड वाण चालेल. हाताने कुस्करून कपड्यातून गाळा, साधारण ७०० मिली रस निघतो. स्टीलच्या पसरट पातेल्यात उकळत ठेवा, ॲल्युमिनियम नको, आंबट रस त्याला खातो. वरचा फेस काढत राहा. अर्ध्यावर आला की आच बारीक करा, आणि २०० मिली उरला की बंद करा. गरम असताना तो पातळच दिसतो, काकवीइतका दाटपणा गार झाल्यावर येतो. पातेल्यातच दाट होईपर्यंत आटवला तर बाटलीतून निघत नाही आणि जळका वास लागतो. फ्रीजमध्ये ठेवल्यावर काही दिवसांनी तळाशी वाळूसारखे कण बसतात. ती साखर नाही आणि पाक बिघडलेलाही नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम मिळून हे स्फटिक बनतात. दातांखाली कचकचतात एवढंच, म्हणून बाटली न हलवता वरचा पाक अलगद ओतून घ्या.